‘मौन’ आणि सत्याहत्तर पक्षी

गेंट, २ फेब्रुवारी १९८७

आदरणीय गोडेलिव्ह आत्या,

मी योरिस. तुमचे चुलतभाऊ रेने कॉप्पेन्स यांचा धाकटा. आपली शेवटची भेट गास्टन आजोबांच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात झाली. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ‘नीट बस, तू काय कोळंबी आहेस का?’ असं तुम्ही मला सगळ्यांदेखत म्हणाला होतात. मी आता इथल्या संग्रहालयात असतो. जुन्या चित्रांच्या मालकीचा माग काढायचा, हे माझं काम. चित्र कोणी काढलं, कोणाला दिलं, तिथून ते कोणाकडे गेलं, असं करत करत आजपर्यंत पोचायचं. मधली एखादी कडी निसटली की माझं जेवणात लक्ष लागत नाही.

येत्या हिवाळ्यात आम्ही कॉन्स्टाँट वाउटर्स या चित्रकाराचं मोठं प्रदर्शन भरवतोय. १८९९ साली त्याने तुमच्या मेल्सबेके गावात राहून ‘मौन’ हे तैलचित्र काढलं आणि चारच वर्षांनी तो वारला. तळ्याकाठी पांढऱ्या वस्त्रातली बाई, तिचे डोळे मिटलेले आहेत, पण पाण्यातल्या तिच्या प्रतिबिंबाचे डोळे उघडे. वर आभाळात पक्षी. आणि इथेच माझी पंचाईत झाली आहे. माझ्याकडे या चित्राचे दोन जुने फोटो आहेत. १९२१ च्या फोटोत पक्षी अठरा आहेत. १९५८ च्या फोटोत एकोणपन्नास. म्हणजे ही दोन वेगळी चित्रं झाली! तुम्ही तुमच्या तिरंदाज मंडळाच्या सचिव आहात आणि मंडळाकडे एक ‘मौन’ आहे, असं बाबा म्हणाले. कृपा करून त्यातले पक्षी मोजून कळवाल का? आणि ते मूळ कोणाच्या मालकीचं, तेही.

तुमचा,
योरिस

—

मेल्सबेके, ९ फेब्रुवारी

योरिस,

पक्षी सत्याहत्तर. दोनदा मोजले, दुसऱ्यांदा चष्मा लावून.

चित्र मंडळाचं आहे. सध्या माझ्याकडे, बशांच्या कपाटावर टांगलेलं असतं. मालकीचा इतिहास म्हणशील तर तो सरळ आहे. ते दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी एका घरातून दुसऱ्या घरात जातं. खाटकाकडे होतं, चक्कीवाल्याकडे होतं, दोनदा सायकलवाल्या आखिलकडे होतं. पाद्रीबुवांकडे असताना त्यांनी बाईच्या गळ्याशी चार बोटं कापड वाढवून घेतलं. पोलिडोरने एक वर्ष ते चुलीशेजारी टांगलं आणि वर रात्रंदिवस पाइप ओढला, म्हणून डावी बाजू पिवळी आहे. का फिरतं म्हणशील, तर आमची पद्धतच तशी आहे. ज्याच्या घरी चित्र असेल त्याच्या सहीशिवाय ते गावाबाहेर जात नाही, हेही लक्षात ठेव.

तुझे बाबा गुडघ्याला काय लावतात ते कळव. मी कोबीची पानं बांधते, पण फरक नाही.

गोडेलिव्ह

—

गेंट, २० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सत्याहत्तर! तुमचं पत्र वाचून मी टेबलावरून उठून गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या. अठरा, एकोणपन्नास, सत्याहत्तर. म्हणजे वाउटर्सने हे चित्र तीनदा काढलं, आणि मृत्यू जवळ येत गेला तसतसे पक्षी वाढत गेले. तुमच्याकडचं शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. उरलेली दोन कुठेतरी माळ्यावर पडली असतील, तीही मी शोधीन.

प्रदर्शनाच्या ग्रंथासाठी माझा लेख आठ दिवसांत लिहून झालाय. नाव ‘सत्याहत्तर आत्मे’. त्यातला थोडा भाग पाठवतो: ‘हे पक्षी नव्हेत, हे देह सोडून निघालेले आत्मे आहेत. कोपऱ्यातला जाडजूड पक्षी हा पापाच्या ओझ्याने खाली खेचला जाणारा आत्मा. मधला काळाकुट्ट पक्षी ही चित्रकाराला स्वतःच्या मृत्यूची लागलेली चाहूल. आणि एकच हिरवा पक्षी उलट दिशेला उडतो, कारण प्रत्येक युगात एक आत्मा देवालाही नकार देतो.’ संचालकांना फार आवडला. माझी इथली नोकरी कच्ची आहे. लेख गाजला तर पक्की होईल असं ते म्हणाले.

तुमचे अध्यक्ष ओमेर यांच्याशी फोनवर बोललो. चित्र संग्रहालयाला कायमचं द्यायला ते तयार आहेत. आमच्या दाराशी मंडळाच्या नावाची पितळी पाटी लावू, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला. तुम्ही फक्त मेच्या अखेरीपर्यंत ते बांधून ठेवा.

योरिस

—

मेल्सबेके, १ मार्च

योरिस,

पेंटेकॉस्टच्या सोमवारच्या आत चित्र मिळणार नाही. ८ जूनला सोमवार आहे, त्यानंतर बघू. ओमेरचं बोलणं मनावर घेऊ नकोस. दोन बिअर झाल्या की तो समोर येईल त्या कागदावर सही करतो. मागे त्याने भाच्याच्या रजेच्या अर्जावर सही केली होती, आणि भाचा दुसऱ्याच गावचा निघाला.

लेख वाचला. भाषा चांगली आहे, वाक्यं लांब आहेत. जाड आत्म्याचा भाग वाचताना मला इतकं हसू आलं की कॉफी टेबलक्लॉथवर सांडली. का ते विचारू नकोस. पण लेख छापायची एवढी घाई कशाला करतोस? मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर फार लवकर आलं की मी मुलांना पुन्हा करून बघायला सांगायचे.

गोडेलिव्ह

—

गेंट, १४ एप्रिल

आत्या,

आमच्या लुटगार्डबाई गेल्या मंगळवारी तुमच्याकडे चित्र तपासायला येऊन गेल्या. तुम्ही त्यांना आलुबुखार घालून ससा खाऊ घातलात, त्याबद्दल त्या अजून बोलताहेत. पण नंतर चढवलेला रंग वेगळा दाखवणारा आपला दिवाही त्यांनी आणला होता. त्या दिव्याखाली काय दिसलं ते त्यांनी संचालकांच्या खोलीत, माझ्यासमोर, सावकाश वाचून दाखवलं.

वाउटर्सने त्या चित्रात एकही पक्षी काढलेला नाही. आभाळ रिकामं होतं. सत्याहत्तरच्या सत्याहत्तर पक्षी नंतर चढवलेत, सत्याहत्तर वेगवेगळ्या वेळी. एक सायकलच्या रंगात आहे. दोन दाराच्या रंगात. आणि ‘मृत्यूची चाहूल’ म्हणून मी ज्याच्यावर पाऊण पान लिहिलं, तो बुटाच्या पॉलिशने काढलाय आत्या! बुटाच्या पॉलिशने! संचालक इतके हसले की त्यांना खिडकी उघडावी लागली. तीन चित्रं नव्हतीच, एकच होतं. लेख छापखान्यातून परत आलाय. कचेरीत मला आता ‘पक्षीमित्र’ म्हणतात.

आता ठरलंय असं, की चित्र आलं की लुटगार्डबाई सगळे पक्षी पुसून काढतील. आतलं मूळ मोकळं आभाळ बाहेर येईल आणि तेच प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण ठरेल. माझ्या दृष्टीनेही झालेलं निस्तरायचा तोच मार्ग आहे.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही चष्मा लावून पक्षी मोजलेत, ते कुठून आले हे मात्र एका शब्दाने सांगितलं नाहीत. परक्या माणसाशीही कोणी असं वागत नाही.

योरिस

—

मेल्सबेके, २१ एप्रिल

योरिस,

रागावलास ते बरोबर आहे. मी लपवलं. आता सगळं सांगते, बसून वाच.

वाउटर्स इथे हवापालटाला आला आणि वेळ जाईना म्हणून मंडळात नाव घातलं. आमच्या मैदानात अठ्ठावीस मीटरचा खांब आहे, त्याच्या टोकाला पिसांचे लाकडी पक्षी बसवतात आणि खालून बाण मारायचे. पेंटेकॉस्टच्या सोमवारी सगळ्यांत वरचा पक्षी जो पाडेल तो वर्षाचा राजा. त्याने धनुष्य चौथ्यांदा हातात धरलं असेल, आणि राजा झाला. राजाने मंडळाच्या साखळीत चांदीचं पदक घालायचं असतं. त्याच्यापाशी चांदीचा चमचाही नव्हता, म्हणून त्याने चित्र दिलं. मंडळाने बघितलं. बाई ठीक होती, पाणी ठीक होतं, पण तिरंदाजांना द्यायच्या चित्रात एवढं आभाळ आणि पक्षी एकही नाही! मंडळी दुखावली. पण मन मोडू नये म्हणून तो गाव सोडून जाईपर्यंत थांबली. दुसऱ्या वर्षीच्या राजाने पाट्या रंगवणाऱ्या पेट्रुसकडून त्यात एक पक्षी काढून घेतला. तेव्हापासून प्रत्येक राजा आपला एक पक्षी घालतो आणि वर्षभर चित्र घरी ठेवतो. दोन्ही महायुद्धांत नेमबाजी बंद होती, ती वर्षं सोडून मोज, बरोबर सत्याहत्तर भरतात.

तुझा पापी आत्मा म्हणजे थेओफिल खाटीक, १९२६. त्याने पेट्रुसला बजावलं होतं की पक्षी माझ्या मापाचा हवा. बुटाचं पॉलिश १९४६ चं, तेव्हा गावात दुसरा रंगच नव्हता. देवाला नकार देणारा हिरवा पक्षी तुझ्या गास्टन आजोबांचा, १९३८. त्या वर्षी त्यांचं सगळ्या मंडळाशी भांडण होतं, म्हणून मुद्दाम उलटा काढवून घेतला.

तळ्याच्या अगदी वर मान वाकडी झालेला एक आहे. तो माझ्या वडिलांचा, १९३४. त्यांनी पेट्रुसला हात लावू दिला नाही, स्वतः काढला. त्यांना लिहिता येत नव्हतं. सही म्हणून ते फुली मारायचे. त्यांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही, ना एक ओळ, ना एक चिठ्ठी. रोज सकाळी कॉफी ओतताना मी त्या वाकड्या मानेकडे बघते. तो पुसायला निघालात, आणि मी चित्र बांधून देऊ?

आता खरं कारण. आमच्या नियमात लिहिलंय, जो लागोपाठ तीन वर्षं राजा होईल तो सम्राट, आणि चित्र कायमचं त्याचं. अठ्ठ्याऐंशी वर्षांत एकही सम्राट झालेला नाही. मंडळाने बायकांना १९७९ साली घेतलं. त्याआधी तीस वर्षं मी नुसते बाण वेचले, रताळ्यासारखे बोथट बाण, लोकांच्या भाजीच्या वाफ्यांतून. आणि आता ८५ चा राजा मी आहे, ८६ चाही मीच. शेवटचे दोन पक्षी माझे. चित्र माझ्याकडे सचिव म्हणून नाही, राजा म्हणून आहे. ८ जूनला वरचा पक्षी पाडला की मी सम्राट, आणि मग तुमच्या दिव्याला माझ्या दारातून आत यायलाही विचारावं लागेल. नाही पाडला, तर नवा राजा होईल. ओमेर त्याच्यापुढे कागद धरेल आणि तो सही करेल, कारण पितळी पाटीचं वेड आता सगळ्यांनाच लागलंय.

हे तुला आधी सांगितलं असतं तर तू मेच्या आत गाडी घेऊन आला असतास. मला भीती वाटली, म्हणून गप्प बसले. माफ कर. आणि सोमवारी ये.

तुझी,
गोडेलिव्ह आत्या

—

गेंट, ४ मे

प्रिय आत्या,

पत्र तीनदा वाचलं. आजोबांनी भांडणापायी उलटा पक्षी काढवला हे बाबांना सांगितलं, ते म्हणाले, ‘पुढच्या वर्षी काढला असता तरी उलटाच आला असता.’

मी येतोय. पण तुमच्यापासून काही लपवत नाही. संचालकांनी मला कागद घेऊनच पाठवायचं ठरवलंय. नव्या राजाची आणि ओमेरची सही झाली की मंगळवारी सकाळी गाडी येईल. मला तुम्ही जिंकायला हव्या आहात, आणि माझ्या खिशात तुम्ही हरलात तर लागणारा कागद असेल. असं दोन्हीकडून वागणारा माणूस मला स्वतःला आवडला नसता.

योरिस

—

मेल्सबेके, ९ जून, पहाटे

महाराजाधिराज योरिस राजेसाहेब यांस,

कालच्या नेमबाजीचं इतिवृत्त नव्या राजाला चोवीस तासांत पोचतं करावं, असा नियम आहे. सचिव मी आहे. न पाठवून सांगते कोणाला? घ्या.

‘हवा कोरडी, वारा पश्चिमेचा. हजर तिरंदाज एकतीस, पाहुणे पुष्कळ. चौथ्या फेरीत श्रीमती गोडेलिव्ह कॉप्पेन्स यांचा बाण वरच्या पक्ष्याला बसला. पक्षी फिरला, कलला आणि खिळ्याला लोंबकळत राहिला. नियम चौदाप्रमाणे पक्षी जमिनीला लागेपर्यंत पडला असं धरत नाहीत. मंडळी पडत्या बाणांपासून बचावाच्या जाळीखाली उभी राहून तीन मिनिटं वर बघत होती. पक्षी पडला नाही. नंतर अध्यक्ष श्री. ओमेर म्हणाले की पाहुणा सभासदाचा नातू आहे, त्याला एक बाण मानाचा मारू द्या. पाहुण्याने धनुष्य उलटं धरलं. ते सुलटं करून देण्यात आलं. पाहुण्याने डोळे मिटून बाण सोडला. बाण पक्ष्याला लागला नाही. तो आडव्या दांडीला लागला, दांडी हलली, आणि पक्षी सॉसेजच्या परातीत पडला. परात जमिनीवर होती, सबब पक्षी जमिनीला लागला असा निर्णय झाला. राजा: श्री. योरिस कॉप्पेन्स.’

इतिवृत्त संपलं. आता माझं ऐक.

तू साखळी घालून उभा होतास, कपाळावर घाम, खिशातून तो कागद बाहेर डोकावत होता, आणि ओमेर तुला पेन देत होता. मला तुझी दया यायला हवी होती. नाही आली. मी घरी गेले, दार लावलं आणि स्वयंपाकघरात बसून रडले. अडुसष्ट वर्षांची बाई एका लाकडी पक्ष्यासाठी रडते हे कोणाला कळू नये म्हणून नंतर कांदे चिरले. कांदे पाच किलो झालेत. चित्र भिंतीवरून उतरवून ठेवलंय. सकाळी घेऊन जा, आणि तुझा तो कागदही.

गो. कॉप्पेन्स, सचिव

—

गेंट, १७ जून

प्रिय आत्या,

त्या सकाळी तुम्ही चित्र हातात दिलंत आणि दार लावून घेतलंत. रात्री ओमेरने बसवून पाजलेल्या बिअरने माझं डोकं फुटत होतं. म्हणून आता लिहितो.

चित्र संग्रहालयात नाही. माझ्या घरी आहे, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यातून वर जाईना, म्हणून सामान चढवायची शिडीची गाडी बोलावून खिडकीतून घेतलं. खाली बघ्यांची गर्दी जमली होती. कोणीतरी ओरडून विचारलं, ‘बायको आणलीस का रे?’

आठ दिवस मी त्याच्यासमोर बसून जेवतोय. आधी मला फक्त आजोबांचा हिरवा ओळखू यायचा. आता थेओफिल कळतो, आखिलचे दोन्ही कळतात, तुमच्या वडिलांचा कळतो. काल लक्षात आलं, माझ्या लेखात चूक एवढीच होती की हे आत्मे वाउटर्सने काढले असं मी लिहिलं. बाकी बरोबरच होतं. जवळजवळ सगळे गेलेलेच आहेत.

संचालकांनी विचारलं, सही झाली का. मी म्हटलं, राजा तयार नाही. ते म्हणाले, मग राजाची हरकत लेखी घ्या. तशी मी लिहिली. ती मालकीच्या विभागात द्यायची असते, आणि तो विभाग म्हणजे मीच. मी माझ्याकडून अर्ज घेतला, शिक्का मारला आणि मला पोच दिली. नोकरीचं काय होईल ते सप्टेंबरात कळेल. पण प्रदर्शनात चित्र जाणार, पक्ष्यांसकट, असं संचालकांनी काल मान्य केलं. लुटगार्डबाई माझ्या बाजूने बोलल्या. त्यांना पुन्हा ससा खायला यायचंय.

आता मुख्य गोष्ट. तो पक्षी तुमच्या बाणाने निखळला होता. मी ओमेरला लिहून देतो की राजेपद सोडलं, जिंकल्या तुम्ही. तुम्ही सम्राट व्हा, चित्र तुमचं करा. मी डोळे मिटले होते हे सगळ्यांनी पाहिलंय. हो म्हणा आत्या, मला हे सहन होत नाही.

तुमचा,
योरिस

—

मेल्सबेके, २३ जून

योरिस,

नाही.

ओमेरला काहीही लिहू नकोस. अठ्ठ्याऐंशी वर्षांत कोणी कोणाला पक्षी दान केलेला नाही, आणि माझ्यापासून ती सुरुवात व्हायला नको. उद्या लोक म्हणतील, म्हातारीला भाच्याने सम्राट केलं. त्यापेक्षा मेलेलं बरं.

तुझं पत्र आल्यावर मात्र शेताच्या कडेने लांबवर चालून आले आणि विचार केला. पक्षी लोंबकळत होता तेव्हा मी जाळीखाली उभी राहून, पड, पड, असं मनात म्हणत होते. तो पडला. मी देवाला कोणासाठी ते सांगायला विसरले. आणि समजा माझ्यासाठी पडला असता, तर? चित्र बशांच्या कपाटावर राहिलं असतं, त्यात आणखी एकही पक्षी आला नसता, आणि मी गेल्यावर तुम्ही भाचरंडं त्याच्यावरून भांडला असतात. वडिलांचा पक्षी पुसला जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. ते तू डोळे मिटून केलंस आणि मग उघड्या डोळ्यांनीही केलंस. मी मनातल्या मनात तुला परातीवरून काय काय बोलले ते मागे घेते. कांदे कोणाला हवेत का विचार.

पण मला सम्राट व्हायचं आहे, हेही खरं. ते मी सोडलेलं नाही. पुन्हा एकपासून सुरुवात, पुढच्या वर्षी एकोणसत्तर, मग सत्तर, मग एकाहत्तर. डॉक्टर म्हणतात खांदा चांगला आहे, गुडघ्याचं मी त्यांना विचारत नाही. परवापासून रोज चाळीस बाण मारते.

तुझा पक्षी तूच काढ, पेंटरला देऊ नकोस, आणि वाउटर्सच्या तोडीचा काढायला जाऊ नकोस. आजोबांच्या जवळ जागा आहे. फक्त जरा लहान काढ. मला अजून तीन पक्ष्यांची जागा लागणार आहे.

तुझी,
गोडेलिव्ह आत्या